उसनं भरलेलं घर

आई, पाणी भरून झालं होतं. तू हंड्यांवर झाकणं ठेवलीस, दादाच्या डब्यात भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी घातलीस, माझी वेणी इतकी घट्ट घातलीस की डोळे कपाळाकडे ओढले गेले, आणि आपण टेकडीवरून खाली केंद्रात गेलो. केंद्र म्हणजे ती पत्र्याची लांबट खोली. उडदाचा आणि हिंगाचा वास तिच्या भिंतींत मुरलेला होता. आजही कुणाच्या फोडणीत हिंग पडला की मला घाटकोपरचा तो चढ आठवतो. बायका रांगेत येतायत, काल लाटलेले पापड ठेवतायत, आजचं पीठ डब्यात घेऊन जातायत. तू एखादा पापड उचलून दाराच्या उजेडाकडे धरतेस. चांगला असला तरी बोलत नाहीस, वाईट असला तरी बोलत नाहीस, फक्त त्या बाईकडे बघतेस. ती दुसऱ्या दिवशी नीट लाटून आणते. गर्दी सरली. तू हात धुतलेस, खोचलेला पदर सोडलास आणि म्हणालीस, "चल गो, घर बघून येवया."

मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांच्या आया सकाळी लोकांची घरं बघायला जातात. पापड लाटायला नवी बाई आली की पीठ द्यायच्या आधी तिचं घर बघायचं, असा केंद्राचा नियम होता. खायची वस्तू. ती कुठे लाटली जाणार, कुठे वाळणार, तिथे जागा आहे का, उंदीर फिरतात का, हे बघायचं काम तुझ्याकडे. तू दोनदा जायचीस, पहिल्यांदा सांगून आणि दुसऱ्यांदा न सांगता. पहिल्या वेळी सगळी घरं सारखीच, असं तू म्हणायचीस. लादी पुसलेली, पोरांची तोंडं धुतलेली, नवरा कुठेतरी पाठवून दिलेला. त्या दिवशी आपण ज्या बाईकडे गेलो ती नव्यानं आलेली होती, बारीक, सतत पदरानं ओठ पुसणारी. तिची खोली बघून मला हेवा वाटला होता. खिडकी होती, फरशी होती, टोपल्या पालथ्या घालून त्यांवर पापड वाळत टाकता येतील एवढी मोकळी जागा होती. तिनं आपल्याला सरबत दिलं. तू खूश होऊन निघालीस. त्या खोलीचं पुढे काय झालं ते मी सांगतेच, पण आधी दुसरं सांगायला हवं. परवा माझं घर बघायला आले होते, आई. पापडांसाठी नाही. मी मूल दत्तक घेतेय.

तू गेलीस तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष होत होतं, त्यामुळे पुढचं तुला काहीच माहीत नाही. यांना मात्र तू ओळखत होतीस. वाकोल्याचं यांचं घरही तू दोनदाच बघितलं होतंस. पहिल्यांदा आपण सगळे मिळून गेलो, चहा-बिस्किटं झाली. पुढच्या रविवारी भरदुपारी तू कुणाला न सांगता एकटीच गेलीस, तर हे बनियनवर बसून मोरी घासत होते. तुला बघून म्हणाले, "बसा ना, एवढा कोपरा संपवतो." आणि खरंच आधी कोपरा संपवला, मग हात धुऊन तुला पाणी दिलं. घरी येऊन तू दादाला एवढंच सांगितलंस, "चालेल." त्या एका शब्दावर माझं लग्न झालं. तुझा शब्द खरा ठरला हेही सांगते. पुढची वीसेक वर्षं आमच्या घरातली मोरी त्यांनीच घासली.

मूल झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, मग आम्ही दोघांनी तो विषय काढायचा बंद केला. मी अंधेरीला बाइंडिंगच्या गाळ्यात लागले होते, तिथेच आजही आहे, आता सगळं टेबल मी सांभाळते. शाळा नववीत सुटली हे तुला ठाऊक आहे, पण मी पुस्तकं वाचायला तिथे शिकले हे ठाऊक नाही. छापून आलेल्या फर्म्यांना घड्या घालता घालता नजर पडायची. एका फर्म्यात सोळा पानं. पुढची सोळा दुसऱ्या टेबलावर जायची, म्हणून कितीतरी पुस्तकांचा मधलाच तुकडा मला पाठ आहे आणि शेवट आजही माहीत नाही. मग बोरीवलीला राहायला आल्यावर वाचनालयात नाव घातलं आणि शेवट वाचायला लागले. दत्तकाबद्दल मी अशीच वाचत वाचत आले. यांना सांगितलं तर म्हणाले, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

आम्ही अर्ज केला. तेव्हा घर बघायला एक वयस्कर बाई यायच्या. त्यांचे गुडघे दुखायचे, तीन जिने चढून आल्या की पहिली पाच मिनिटं काही बोलायच्याच नाहीत, नुसत्या बसायच्या आणि बघायच्या. मला तू आठवायचीस. त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं, "मूल कशाला हवंय?" आम्ही उत्तर पाठ करून ठेवलं होतं, घराला घरपण येईल वगैरे. बाईंनी ते लिहूनच घेतलं नाही. दुसऱ्यांदा त्या अचानक आल्या. यांना ताप होता, मी चिडलेली होते, ओट्यावर खरकटं तसंच. पुन्हा तोच प्रश्न. मी म्हटलं, "मला माहीत नाही." ते मात्र त्यांनी लिहिलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी आपणहून सांगितलं की संध्याकाळी कामावरून येते, पिशवी खाली ठेवते, आणि त्या पिशवीत कुणी हात घालत नाही. तू केंद्रातून आलीस की मी तुझ्या पिशवीत हात घालायचे ना, तुटके पापड शोधायला, तसा. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "आता झालं."

पुढे लोक म्हणायला लागले की या तीन-तीन भेटींपायी वर्षं जातात. ऐकून माझं टाळकं फिरतं. भेटीला किती वेळ लागतो? सकाळ नाहीतर संध्याकाळ. बाकीचा सगळा वेळ आमची फाईल टेबलावर पडून होती. अमक्याची बदली झाली, तमक्याची सही राहिली, साहेब रजेवर आहेत, मशीन बंद आहे. हे दर थोड्या दिवसांनी जाऊन चौकशी करायचे आणि हसत परत यायचे, कारण हसणं त्यांचा स्वभावच होता. शेवटी आमचं नाव यादीत लागलं, आणि यादीत असतानाच हे गेले. सकाळी कामावर निघताना बूट घालत होते. एक बूट पायात होता, दुसरा हातात. तो उशीर मी कुणालाही माफ करणार नाही, आई. मला उशिराचं कौतुक आहे असं समजू नकोस. पण ज्यानं उशीर केला ते टेबल आहे तिथेच आहे. त्या ऑफिसातल्या लोकांनी कापलं काय, तर घर बघायच्या भेटी.

फाईलवर दोन नावं होती, एक उरलं. मग नव्यानं अर्ज करा म्हणाले. मी वर्षभर गप्प बसले आणि मग केला. एकट्या बाईला मूल मिळतं. माझ्या वयाला आठ-नऊ वर्षांचं मिळेल, आणि मला तेच हवंय. फक्त माझंही वय मोजतायत. फार रेंगाळलं तर तेही दार बंद.

तर मधे अंधेरीला एका हॉलमध्ये आम्हा अर्जदारांना बोलावलं होतं. विषय काय, तर प्रक्रिया सोपी झाली आहे. गार हवा, कपात बुडवायच्या चहाच्या पुड्या, पडद्यावर हसणाऱ्या बाळांची चित्रं. एक टापटिपीचा माणूस सांगत होता, पूर्वी तीन भेटींत व्हायचं ते आता एका भेटीत, पूर्वी हातानं लिहायचे ते आता टॅबवर, अहवाल लगेच तुमच्या मोबाइलवर. टाळ्या पडल्या. माझ्या पुढच्या रांगेतला एक जण उभा राहून म्हणाला, "बरोबर आहे! आमचं घर काय चोराचं आहे का, तीन-तीनदा बघायला?" त्याला आणखी मोठ्या टाळ्या. मला वाटलं, बाबा रे, मूल तुझ्याकडे येणार आहे, तू मुलाकडे नाही. भाड्याची खोली घेताना नळ सोडून बघतोस, आंबे घेताना वास घेऊन बघतोस, आणि कुणी तुला बघितलं की तुझा अपमान होतो. मी हात वर केला. विचारलं, "फाईल टेबलावर पडून राहते ते कमी झालं का?" टापटिपीचा माणूस गोड हसला. "ताई, ते आमच्याकडे नाही येत, तो वेगळा विभाग." म्हटलं, "मग आमच्याकडे काय कमी केलंत?" तो म्हणाला, "तुमचा त्रास." लोक हसले. मीही चहा प्यायले. चहाही तसाच होता, सोपा केलेला.

आता परवाचं ऐक. भेट ठरल्याचं मी दादाला फोनवर सहज सांगितलं. सख्खा भाऊ, त्याला सांगायचं नाही तर कुणाला. सकाळी आठाला बेल वाजली. बघते तर दादा, वहिनी, त्यांचे दोन मुलगे, वहिनीची बहीण आणि तिचा नवरा. मुलुंडहून एवढ्या लांब, दोन पिशव्या भरून. गणपतीनंतर दादानं माझ्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. वहिनीनं आल्या आल्या पोहे भिजवले.

"वहिनी, हे काय?"

"अगं, बघायला येतायत ना? मग पोहे नकोत?"

"ते बघणं वेगळं गं. इथे काही मुलगी दाखवायची नाहीये."

"नाहीये कशी? तूच दाखवायचीयस," वहिनी म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर बहिणीला टाळी दिली. मग म्हणाली, "आणि छोटीशी टिकली लाव, बरं दिसतं."

मी म्हटलं, "लावलीय. रोज लावते. हे गेल्यापासून एक दिवस काढली नाही. तुला आज दिसली."

तिनं पोह्यांवर झाकण ठेवलं. नंतर तिची नजर भिंतीवर गेली. यांचा फोटो, हार घातलेला. "हा जरा काढू या. घर रडकं वाटतं त्यानं." मी म्हटलं राहू दे. "तासाभराचा तर प्रश्न आहे गं, परत लाव ना." तिच्या बहिणीचा नवरा उंच आहे, त्यानं हात वर करून फोटो उतरवलासुद्धा. कपाटात चादरींच्या मागे गेला. खिळ्यावर त्यांनी एका बँकेचं कॅलेंडर अडकवलं, तेही मुलुंडहून आणलेलं. म्हणजे घरून निघतानाच ठरलं होतं.

घर बघणारी मुलगी अकराला आली. पंचवीस-सव्वीसची असेल, हातात हेल्मेट, चेहरा उन्हानं लाल. वाईट नव्हती. येताच म्हणाली, "ताई, आज चार घरं आहेत, इथून दहिसर, तर जरा पटपट करू या हं." पोह्यांची बशी हातात आली, वर शिरा आला, तिला नाही म्हणता येईना. सोफ्यावर दादा आणि वहिनी माझ्या दोन बाजूंना, मला मधे दाबून. तिनं टॅब उघडला. "घरात सदस्य किती?" मी तोंड उघडते तोवर दादा म्हणाला, "आम्ही सगळे एकच आहोत, लिहा." वहिनी म्हणाली, "वेगळं असं काही नाहीच हो आमच्यात." मुलीनं विचारलं, "म्हणजे जॉइंट फॅमिली?" दादा म्हणाला, "जॉइंटच की!" बोट टेकलं, झालं.

"मूल का हवंय?" हा प्रश्न आला तेव्हा मी सरसावून बसले. पिशवीचं सांगणार होते. पण तिनं खाली बघत वाचलं, "यात पर्याय आहेत. अपत्य नाही, सामाजिक जाणीव, कुटुंब पूर्ण करणे. कुठलं टाकू?" वहिनी म्हणाली, "सगळेच टाका ना." मुलगी म्हणाली, "एकच घेतं." मग दादानं विचार करून कुटुंब पूर्ण करणे निवडलं, जसा तो हॉटेलात निवडतो. पुढे शिस्तीचा प्रश्न. मूल ऐकत नसेल तर काय कराल? दादा म्हणाला, "मारणं नाही, ओरडणं नाही. प्रेमानं समजावायचं." हे ऐकून त्याच्या धाकट्यानं मोबाइलमधून मान वर काढली आणि बापाकडे असं बघितलं, जसं काही त्याला बाप आजच भेटला. स्वयंपाकघराचा फोटो तिनं दारातूनच काढला. मोरी बघितली नाही. तुला मी सांगते, मोरी घासलेली होती, मी घासते आता. शेवटी ती म्हणाली, "सगळे एकत्र बसा, फॅमिली फोटो. ताई, जरा स्माईल." फोटो निघाला. हेल्मेट उचलून ती गेली. दार लागल्या लागल्या मोठा भाचा म्हणाला, "आत्या, आपण पास ना?" आणि सगळे हसले. अर्ध्या तासात तेही गेले, कारण वहिनीच्या बहिणीला पार्ल्याला एक साडी बदलायची होती.

अहवाल काल आला. सोपी प्रक्रिया, मोबाइलवरच. इंग्रजीत आहे, मी डिक्शनरी घेऊन सावकाश वाचला. अर्जदार भाऊ, भावजय आणि दोन भाच्यांसह एकत्र कुटुंबात राहते. घरात भक्कम आधार. वातावरण आनंदी. इतकं देखणं घर मी पुस्तकातसुद्धा वाचलेलं नाही. यांच्याबद्दल एक शब्द: मयत. खाली लिहिलंय, वाचून मान्य असेल तर मोबाइलवर येणारा आकडा टाका, अहवाल पुढे जाईल. आणि सर्वांत खाली तो फोटो. सोफ्यावर सगळे दाटीवाटीनं, मी मधे. फोटोखाली एक टीप आहे, ती मी तीनदा वाचली. मोठ्या मुलांना घरी जाण्याआधी नव्या कुटुंबाची ओळख करून देतात, तेव्हा हा फोटो मुलाला दाखवतील.

मी दादाला फोन केला. म्हटलं, "यात लिहिलंय तू माझ्याकडे राहतोस."

"मग? झकास लिहिलंय की. टाक आकडा."

"तू राहत नाहीस, दादा."

"अगं, राहतो का नाही हा काय प्रश्न झाला? हाक मारली की येतो ना?"

"यांना हॉस्पिटलात नेलं तेव्हा मारली होती."

तो म्हणाला, "ट्रॅफिक होतं त्या दिवशी. तुला सांगितलंय मी. आणि हे बघ, डोकं चालवू नकोस. आयतं चालून आलंय. बदलायला गेलीस तर वाट लागेल सगळ्याची."

मग त्या मुलीला फोन केला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, म्हणून मी म्हणते की ती वाईट नाही. म्हणाली, "ताई, करेक्शन टाकलं की केस रीओपन होते. परत व्हिजिट, परत मंजुरी. कधी ते मी नाही सांगू शकत. आणि खरं सांगू का, एकट्या लेडीजच्या केसमध्ये असा सपोर्ट दिसला ना, की पटकन पुढे जातं." मी विचारलं, "तुम्हाला माझ्या घरात कळलं नाही का, की ही माणसं इथली नाहीत?" ती म्हणाली, "ताई, मला एका घराला पाऊण तास आहे." म्हटलं, "घरात सात माणसं, आणि चपलांच्या फळीवर चपलांचा एक जोड. बाकीच्या सगळ्या दाराबाहेर, पाहुण्यांसारख्या." ती हळूच म्हणाली, "तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

आता तुझ्या त्या खोलीचं सांगते. पुढल्या आठवड्यात बाजारातून येताना तू अचानक तिकडे वळलीस. दार वाजवलंस तर एका अनोळखी बाप्यानं उघडलं, गालाला साबण, हातात वस्तरा. खोली त्याची होती. ती बाई तिच्या मागच्या बाजूला, अर्ध्या खोलीत राहत होती. तीन पोरं, एक आजारी सासू, आणि मधे पाय ठेवायला जागा नाही. तुला बघून ती रडली नाही, चिडली. म्हणाली, "खरं दाखवलं असतं तर पीठ दिलं असतंस का?" तू म्हणालीस, "नसतं दिलं." आणि मागे फिरलीस. मला तुझा राग आला होता. चढावर मी तुला विचारलं, हो म्हणून टाकलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? तू रस्त्यात थांबलीस, माझा दंड धरलास, दुखेल एवढा धरलास. म्हणालीस, "माझं काय जाणार? पापड खंय वाळवले असते तिनं? पोरं निजतत थंय. पोरांना उठवलं असतं. रोज पहाटे उठवलं असतं, आणि मी वर म्हटलं असतं, काय छान पापड."

तू देवमाणूस नव्हतीस हे मला माहीत आहे. एका बाईचा नवरा दारू पिऊन पडलेला दिसला म्हणून तू तिला कायमचं नाही म्हटलंस, जणू तीच प्यायली होती. ती नळावर भेटली की तू दुसरीकडे बघायचीस. त्या बाबतीत तू चुकलीस, आणि तुझ्यासारखे बघणारेही चुकतात हे मी त्या हॉलमध्ये कुणी विचारलं असतं तर कबूल केलं असतं. पण मागच्या खोलीतल्या त्या बाईला मात्र तू महिन्याभरानं निरोप पाठवलास. ती रोज दुपारी आपल्या घरी येऊन, आपल्या खिडकीखाली बसून लाटायची, आणि तू रोज कुरकुरायचीस की माझी चटई अडवते ही. केंद्रात मात्र तू सांगितलं होतंस की हिला जागा नाही, माझ्या जागेत लाटते. ती खोली तिची आहे असं तू कधीच म्हणाली नाहीस.

काल संध्याकाळी मी मोबाइल समोर ठेवून बसले होते. आकडा आला होता. सहा अंक, टाकले की झालं. मी त्या पोराचा विचार करत होते, पोर असेल नाहीतर पोरगी. कुठल्यातरी संस्थेच्या खोलीत बसलंय. समोर फोटो ठेवलाय. आठ-नऊ वर्षांचं म्हणजे त्याला एकदा तरी कुणी फसवलेलं असणारच. हा मामा, ही मामी, हे दोन दादा, त्यांच्याशी क्रिकेट खेळशील. ते एकेक चेहरा पाठ करेल. मग एक दिवस तीन जिने चढून येईल, चपला काढेल, घरात बघेल, बाकीची माणसं कुठे आहेत म्हणून. मी काय सांगू? साडी बदलायला गेलीयत? मी अगदी पहिल्या दिवशी त्याला तुझ्या त्या बाईसारखी उसनी खोली दाखवू? आणि हे सगळं सोपं केलं म्हणून टाळ्या वाजवणारे तेव्हा कुठे असतील? सोपं कुणासाठी केलं हे त्यांनी एकदा त्या पोराला जाऊन विचारावं.

हे पत्र मी तुला कुठे पाठवणार? बाइंडिंगच्या गाळ्यात रद्दीला कमी नाही. पण त्या मुलीनं विचारलं त्याचं उत्तर तिला दिलं नाही, ते तुला देते. मी बोलले नाही, कारण मला बरं वाटत होतं. स्वयंपाकघरात कुणी बोलतंय, बशा वाजतायत, भाचा आत्या म्हणून हाक मारतोय, दोन्ही बाजूंनी माणसांची ऊब. तीन वर्षांनी माझं घर भरलं होतं. ती माणसं कशी आहेत हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक, तरी मी तो पाऊण तास मोडला नाही. ते गेल्यावर कपाटातून फोटोही काढला नाही. काढला असता तर पुन्हा आम्ही दोघंच.

आज सकाळी मी ते कॅलेंडर खाली उतरवलं, यांचा फोटो त्याच खिळ्याला लावला, समोरच्या शेजारणीला बोलावून त्याखाली माझा एकटीचा फोटो काढून घेतला, आणि दत्तकाच्या अंधेरीच्या ऑफिसात जाऊन म्हटलं, घरात माणूस एक आहे, तसं लिहा, आणि पोराला हा दाखवा.